फुंकेचं माप

आमच्या ह्यांना टेप सैल धरायची सवय आहे. माणसाच्या अंगाला टेप घट्ट लावणं म्हणजे ह्यांना उद्धटपणा वाटतो, म्हणून दोन बोटं आत घालूनच आकडा सांगतात. मी मागे कटिंगच्या टेबलाशी मापांची वही घेऊन उभी असते. ते "छाती चाळीस" म्हणाले की मी साडेएकोणचाळीस लिहिते. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यावरून आमच्यात कधी एक शब्द झाला नव्हता. कपडे अंगावर नीट बसत होते, मग बोलायचं कशाला?

दुकान सासऱ्यांनी घेतलेलं, चौकाच्या अगदी तोंडावर. चार रस्ते, एक सिग्नल, आणि सिग्नलला थांबलेल्या बसचं धुराचं नळकांडं बरोब्बर आमच्या काचेसमोर. सकाळी पुसलेली काच संध्याकाळी पुसली की फडकं काळं. पण ह्यांना त्या जागेचा भारी अभिमान. इथल्या काचेत एक कोट टांगला की साऱ्या गावाला दिसतो, असं आधी सासरे म्हणायचे, आता हे म्हणतात. शिवणं ह्यांचं आणि कापणं माझं. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड काही परत जोडता येत नाही. म्हणजे खरी जोखीम माझ्याकडे, आणि मला ती आवडते. कापड कमी पडतंय असं गिऱ्हाईकच सांगत असतं आणि मी त्यातून पूर्ण कोट काढून वर खिशापुरता तुकडा उरवते, तेव्हा मला जे बरं वाटतं ते दुसऱ्या कशानेच वाटत नाही.

दमा मला लहानपणापासून आहे. तो मला ओळखतो, मी त्याला ओळखते. एक पंप पर्समध्ये, एक टेबलाच्या खणात, एक घरी उशीपाशी. एवढी तयारी असली की तो शहाण्यासारखा वागतो. पण गेल्या थंडीत एका दुपारी सिग्नल बिघडला. तासभर गाड्या एकमेकींना अडून धूर ओकत उभ्या राहिल्या, आणि मी एका कोटाचा बाही बसायचा मुंढा कापता कापता जमिनीवर बसले. पंप ओढला, परत ओढला, छातीचं दार काही उघडेना. ह्यांनी मला एका गिऱ्हाइकाच्या गाडीत घालून छातीच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस मी नाकाला नळी लावून पडून होते आणि हे बाजूच्या स्टुलावर टेप गळ्यात तसाच अडकवलेला ठेवून बसले होते.

घरी आल्यावर ह्यांनी जाहीर केलं की मी आता दुकानात यायचं नाही. नणंदबाई फोनवरून री ओढायला तयारच होत्या. वहिनीने खूप केलं, आता तिने आराम करावा, वगैरे. ह्यांनी एक कटरसुद्धा हेरून ठेवला होता. चांगला मुरलेला माणूस, त्याचा मालक उन्हाळ्यात दुकान बंद करणार होता, मग पहिल्या तारखेपासून तो आमच्याकडे, माझ्या टेबलाशी. माझ्या टेबलाशी! मला एका शब्दाने न विचारता माझी कात्री दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे. मी भांडले. पण ह्यांच्याशी भांडण म्हणजे कापसाच्या गादीवर बुक्क्या. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि जिथे होते तिथेच राहतात.

नंतर तपासणीला गेलो तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी एक गोष्ट काढली. त्यांच्या दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. रस्त्यावरच्या धुराने फुप्फुसाच्या ताकदीवर काय परिणाम होतो, दमेकऱ्याच्या किती आणि धडधाकट माणसाच्या किती, ते त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी त्यांना जोड्या हव्या होत्या: एकाच घरातली, एकाच जागी काम करणारी दोन माणसं, एकाला दमा आणि एक ठणठणीत. आठ आठवडे सकाळ-संध्याकाळ एका यंत्रात फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. त्यात मी दोन आठवडे दुकानात आणि दोन आठवडे घरी असं दोनदा करायचं. हे मात्र नेहमीसारखे दुकानात, फक्त आठवड्याची सुट्टी तेवढी घरी.

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. म्हटलं, ठरवूनच टाकू. दुकानातल्या दिवसांत माझा आकडा घरच्यापेक्षा फार खाली गेला तर कटर येऊ दे, मी तोंडातून ब्र काढणार नाही. नाही गेला, तर त्या कटरचं नाव पुन्हा घरात निघता कामा नये. ह्यांनी थोडा विचार केला आणि कबूल झाले. डॉक्टर म्हणाले की अभ्यास पैजेसाठी नसतो. आम्ही दोघांनी मान डोलावली आणि पैज लावली.

यंत्रं द्यायचं आणि शिकवायचं काम एका तरुण मुलीकडे होतं. तिला आम्ही फुंकताई म्हणायला लागलो, कारण ती समोरच्याला "फुंका, फुंका, अजून, अजून, संपेपर्यंत" असं म्हणून असा हुरूप चढवायची की आपण फुंकत नसून डोंगर हलवतोय असं वाटायचं. तिने प्रत्येकाला साबणाच्या डबीएवढं एकेक यंत्र दिलं. पोटभर श्वास घ्यायचा, नळीत जोरात फुंकायचं, की काचेवर आकडा उठतो. तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. ह्यापुढे ती बराच वेळ काहीतरी समजावत होती. पण तिच्या पांढऱ्या कोटाचे खांदे बोटभर उतरलेले होते, हे खांद्यांकडे बघत होते, मी बाहीच्या सुरकुतीकडे बघत होते, आणि आम्ही दोघं मनातल्या मनात तिचा कोट उसवत होतो. तिने विचारलं, समजलं ना? आम्ही एका सुरात हो म्हटलं. दुकानात तिच्याकडचा एक डबा पण टांगला गेला, हवा ओढून हवेतली धूळ मोजणारा. दिवसभर त्याची घुंघुं चालायची.

घरी फुंकायला बसलो तेव्हा आपोआपच दुकानासारखी वाटणी झाली. यंत्रावरचे आकडे बारीक आणि राखाडी, माझ्या चष्म्याला ते दिसत नव्हते, त्यात फुंकून डोळ्यांत पाणी आलेलं. म्हणून हे दोन्ही यंत्रांचे आकडे वाचून सांगायचे आणि मी दोन्ही वह्या लिहायची.

आता मी काही जगात आजच आलेली नाही. ह्यांना पैज जिंकायची होती. तेव्हा दुकानाच्या दिवसांत हे माझा आकडा हळूच खाली ओढून सांगतील, असा मला पहिल्या दिवसापासून संशय. मी कान टवकारून बसायचे, ह्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. पण दुकानाच्या पहिल्या आठवड्यात हे म्हणाले तीनशे चाळीस, तीनशे पंचेचाळीस, तीनशे चाळीस. घरच्या आठवड्यात तीनशे पन्नास, तीनशे पंचावन्न. म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक राहू दे, बोटभरसुद्धा फरक नाही. मी सांगितलेले आकडे जसेच्या तसे लिहीत गेले. माणूस सचोटीचा आहे, असं मनात म्हणून मी त्यांना दोनदा माफसुद्धा करून टाकलं.

ह्यांच्या स्वतःच्या आकड्यांचं मात्र वेगळं होतं. सकाळी पाचशे तीस, सुट्टीच्या संध्याकाळी पाचशे चाळीस. एवढा आकडा? दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचा? मी म्हटलं, टेप सैल धरलाय. आणि हाताला जी सवय होती तिने आपलं काम केलं. पाचशे तीस ऐकलं की मी पाचशे दहा लिहायचे. आठ आठवडे, न चुकता, प्रत्येक आकड्यातून वीस वजा. त्यात काही पाप आहे असं माझ्या मनातही आलं नाही. मी तर उलट शास्त्राची सेवा करत होते.

घरी बसण्याचे ते आठवडे मला कसे गेले ते मला विचारू नका. कपाटं आवरली, पडदे बदलले, बदललेले पडदे परत बदलले. छाती हलकी होती हे खरं. जिना चढून आले तरी घरघर नाही, पहाटे खोकला नाही, पंप आठवड्यात एकदा. पण ते मी कोणाला कशाला सांगू? पैज माझी होती. आणि हे दुकानातून यायचे ते नुसते उसवल्यासारखे. एका विजारीचे दोन्ही पाय डावे कापले, असं एका संध्याकाळी त्यांनी कबूल केलं. मी आतून अशी खूश झाले की हसू दाबायला स्वयंपाकघरात जावं लागलं. जेवताना ते पाच-सहा वाक्यं बोलून गप्प बसायचे. मला वाटलं, कापण्याचं काम डोक्यावर पडलंय म्हणून. म्हटलं, पडू दे, कळू दे किंमत.

आठ आठवडे संपले. आम्ही वह्या आणि यंत्रं घेऊन फुंकताईकडे गेलो. मी माझी चांगली पर्स घेतली होती. जिंकायला जाताना माणसाने नीट जावं.

तिने वह्या उघडल्या, यंत्रं एकेक करून तारेने संगणकाला जोडली आणि पडद्याकडे बघत बसली. मग वहीकडे. मग परत पडद्याकडे. मला काही कळेना. तारेने काय बघते आहे, असं मी विचारलं तर ती म्हणाली की यंत्राला स्मरण असतं, प्रत्येक फुंक तारखेसकट आत साठलेली असते, आणि हे तिने आम्हाला पहिल्या दिवशी सविस्तर सांगितलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. ह्यांच्या कपाळावर घाम दिसला. माझ्याही असणार.

फुंकताई बिचारी गोंधळून गेली होती. तिने आमच्या वह्या अदलाबदल झाल्यात का ते आधी तपासलं. मग म्हणाली की तीस-चाळीस जोड्या झाल्या, पण असं तिने बघितलं नव्हतं. लोक आकडे विसरतात, एकदम शेवटी एकाच पेनाने लिहून काढतात, ते तिला सवयीचं. पण इथे ज्याला दमा नाही त्याचा प्रत्येक आकडा वहीत वीसने कमी. आणि जिला दमा आहे तिचे घरचे आकडे अगदी बरोबर, दुकानातले मात्र चाळीस-पन्नासने जास्त. यंत्रात होतं दोनशे नव्वद, दोनशे पंच्याण्णव. वहीत होतं तीनशे चाळीस.

इतका मोठा ध चा मा कोणी केला, हे विचारायची गरजच नव्हती. वहीत लिहिणारी मी, आकडे सांगणारे हे.

आधी मी माझं कबूल करून टाकलं. टेपचं सांगितलं, साडेएकोणचाळीसचं सांगितलं, आणि ह्यांचा आकडा फुगवलेला असणार असं वाटून मी वीस कापत गेले, हेही सांगितलं. हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांचं घर विकलं.

"बावीस वर्षं?" ते म्हणाले. "प्रत्येक मापात?"

मी म्हटलं, कपडे बसले ना? त्यांना लागलं होतं हे दिसत होतं. फुंकताई मध्ये पडली आणि म्हणाली, दर वेळी सारख्याच वीसच्या वजाबाकीने तिच्या कामात फार बिघडत नाही, शिवाय यंत्राचे खरे आकडे तिच्याकडे आहेतच. ते मला लगेच पटलं. टेप रोज अर्धा इंच आखूड असला तरी पोरगं उंच वाढलं की नाही हे कळतंच.

मग मी ह्यांच्याकडे वळले. आता माझी पाळी होती आणि मी ती सोडणार नव्हते. मला वाटत होतं की हे माझे आकडे खाली ओढतील, आणि ह्यांनी वर ढकलले. स्वतःच्या हाताने स्वतःची पैज घालवत होते. दोनशे नव्वद श्वासावर मी दुकानात उभी होते आणि मला माहीतच नव्हतं. माझ्या दम्यात मला फसवलं! मी चिडले होते, आणि त्याहून जास्त घाबरले होते. मी विचारलं की असं का केलंत.

ते गळ्यात टेप नसतानाही टेप चाचपल्यासारखं करत बसले. मग म्हणाले, "खरा आकडा सांगितला असता तर तुझा चेहरा पडला असता. तू घरी बसावंस असं मला वाटत होतं, आणि तू घरी बसलीस की मला दुकान उघडावंसं वाटत नव्हतं. रोज सकाळी ठरवायचो, आज खरं सांगू. तू फुंकून माझ्याकडे बघायचीस आणि माझ्या तोंडून भलताच आकडा निघायचा."

मला रडू आलं. दवाखान्यात, त्या परक्या पोरीसमोर, माझी चांगली पर्स मांडीवर धरून मी रडले. राग होताच, पण राग ठेवायला जागा उरली नव्हती. बावीस वर्षांत ह्या माणसाने मला असलं काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेही धुराच्या अभ्यासाच्या खोलीत.

पण पैज ती पैज. यंत्राने सांगितलं होतं: घरी तीनशे पन्नास, दुकानात दोनशे नव्वद. मी हरले होते. माझं टेबल गेलं, पहिल्या तारखेला तो मुरलेला माणूस येणार आणि माझ्या खडूने त्याच्या रेघा मारणार. मी डोळे पुसले आणि म्हटलं, ठीक आहे, शब्द दिलाय, मी घरी बसते. शब्द फिरवणाऱ्यातली मी नाही.

"थांबा," फुंकताई म्हणाली, "ह्यांचं अजून बघायचंय."

हे हसले. म्हणाले की माझं काय बघता, मला कधी सर्दी होत नाही. तिने पडद्यावर दोन रेघा काढून दाखवल्या. धडधाकट माणसाचा संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा थोडा वरच असतो, निदान खाली तरी नसतो. ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी तसंच होतं: सकाळी पाचशे तीस, संध्याकाळी पाचशे चाळीस. आणि दुकानाच्या प्रत्येक दिवशी, एक दिवस न चुकता, संध्याकाळी पाचशेच्या आत. चारशे ऐंशी, चारशे नव्वद, डब्यात जास्त धूळ भरली त्या दिवशी चारशे सत्तर. ह्यांनी ते आकडे स्वतः वाचून मला सांगितले होते. मी त्यातून आणखी वीस वजा करून स्वतःच्या हाताने वहीत लिहिले होते. आणि आम्हा दोघांनाही काही दिसलं नव्हतं, कारण दोघांची नजर माझ्या वहीवर.

तिने समजावून सांगितलं, आणि ह्या वेळी मी तिच्या कोटाकडे बघितलं नाही. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आधीच चिडक्या असतात, थोड्या धुराने आवळतात आणि आरडाओरडा करतात. चांगल्या माणसाच्या नळ्या सोसतात. त्याही आवळतात, कमी आवळतात, पण तक्रार करत नाहीत, म्हणून त्याला वाटतं की आपल्याला काही झालंच नाही. रात्रभर चांगल्या हवेत झोपलं की दुसऱ्या दिवशी आकडा भरून येतो. तो असा किती वर्षं भरून येत राहील, हे मात्र तिला सांगता येणार नव्हतं. ह्यांना संध्याकाळी छाती जड वाटते का, असं तिने विचारलं. हे म्हणाले, थोडी वाटते, वयाचं असेल. किती वर्षांपासून? ते म्हणाले, आठवत नाही.

मला आठवलं. संध्याकाळी घरी आल्यावर हे पाच-सहा वाक्यं बोलून गप्प बसतात ते काही माझ्या घरी बसण्यामुळे सुरू झालेलं नव्हतं. ते त्याआधी कितीतरी वर्षांचं होतं. मी त्याला ह्यांचा स्वभाव समजत होते. माझं फुप्फुस बोलकं, ते बोंब मारतं आणि मग सगळे धावतात. ह्यांचं मुकं. बावीस वर्षं मी माझ्या पंपात गुंतलेली आणि शेजारच्या मशीनवर हा माणूस रोज थोडा थोडा कमी होत होता.

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. टेबल, कटर, पैज, सगळं एकदम लहान झालं. मी म्हटलं, चौकातलं दार बंद करायचं.

हे दचकले. आत्तापर्यंत माझ्या तब्येतीच्या बाजूने बोलणारा माणूस लगेच दुकानाच्या बाजूने बोलायला लागला. बाबांची जागा, काचेतला कोट, चौकातलं गिऱ्हाईक, हे सगळं त्यांनी मोजून दाखवलं. माझ्यासाठी त्यांनी मला घरी बसवलं असतं, पण स्वतःसाठी दुकानाची एक वीटसुद्धा हलवायला तयार नव्हते. मी ऐकून घेतलं आणि मान हलवली. ही विद्या मी ह्यांच्याकडूनच शिकले.

मग म्हटलं, "गिऱ्हाईक चाळीस पावलं जास्त चालेल. तुमचा श्वास गेला तर मी कोणाचं माप लिहू?"

फुंकताईने पडद्यावरच्या रेघांचा कागद छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याची घडी घातली, परत उघडली, आणि वाट चालताना दोनदा थांबून कागद बघितला.

जागा शोधायला लांब जावं लागलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. दुकानाच्या मागे आमचीच एक खोली होती, मागच्या बोळाकडे उघडणारी. तिथे कापडाचे जुने तागे, कापडावर ठेवून कापायचे कागदी फर्मे, सासऱ्यांचं मोडकं मशीन आणि वीस वर्षांचा कचरा. बोळातून गाडी जात नाही, सायकलसुद्धा उतरून हातात धरावी लागते. फुंकताईने तिचा डबा आठवडाभर तिथे टांगला. चौकातल्यापेक्षा धूळ निम्म्याहून कमी निघाली. डॉक्टरांनी आकडे बघितले आणि म्हणाले की धूळ घरापेक्षा थोडी जास्तच असेल, पण इथे काम करायला ते मला मना करणार नाहीत. पंप तेवढा चालू ठेवायचा, आणि मुख्य रस्त्याकडचं मधलं दार कायम लावलेलं असलं पाहिजे. मी म्हटलं, खिळे ठोकून लावते.

चार दिवस आम्ही दोघं ती खोली उपसत होतो. तोंडाला फडकी बांधून, कारण दुधाने तोंड पोळलेलं. सासऱ्यांचं मोडकं मशीन काढताना हे थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले, मी हाक मारली नाही. कटिंगचं टेबल दारातून जाईना. पाय कापावे लागतील, हे म्हणाले. मी म्हटलं, माझ्या टेबलाला कात्री लावायची नाही. शेवटी चौकटच काढली. कटरला ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. त्याला तोवर दुसरीकडे काम मिळालं होतं, आणि आमच्या चौकात बसावं लागणार नाही म्हणून तो बराचसा खूशच दिसला, असं हे म्हणाले.

चौकातली काच आहे तशी आहे. तिच्यात एक कोट टांगलेला असतो आणि खाली पाटी, की आम्ही मागच्या बोळात बसतो. पहिले पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. ह्यांचं तोंड बघवत नव्हतं. मी काही बोलले नाही, कारण मी बोलले असते तर वाईटच बोलले असते. मग एक शिक्षक आले, ते म्हणाले की इथे निदान आपलं बोलणं ऐकू येतं. मग त्यांचा भाऊ आला. घाईतली गिऱ्हाइकं गेली ती गेलीच, बटण लावून द्या आणि चेन बदलून द्या म्हणणारी. कोट शिवून घेणारा माणूस चाळीस पावलं चालतो.

सहा महिने झाले. फुंकताईने तोवर यंत्रं आमच्याकडेच ठेवली होती, आता म्हणाली अभ्यास संपला, परत करा. आम्ही तसलीच दोन विकत घेतली. माझा संध्याकाळचा आकडा तीनशे चाळीसच्या आसपास असतो, आणि ह्या वेळी तो खरा असतो, कारण मी जाड भिंगांचा नवा चष्मा करून घेतलाय. दमा कुठे गेलेला नाही. थंडीच्या धुकट सकाळी मला अजून पंप लागतो. टेप हे अजूनही सैल धरतात आणि मी अजूनही अर्धा इंच कमी लिहिते, फक्त आता त्यांना ते माहीत आहे, म्हणून आकडा सांगून झाला की माझ्याकडे एकदा बघून घेतात.

ह्यांचा आकडा संध्याकाळी पाचशे चाळीस. खालच्या मजल्यावरच्यांपासून नणंदबाईंपर्यंत सगळ्यांना त्यांनी तो सांगून झालाय, आणि मागच्या खोलीची कल्पना मुळात आपलीच होती हेही. मी खोडून काढत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर हे हातपाय धुतात, जेवायला बसतात आणि बोलायला लागतात. शिक्षकांच्या भावाचा कोट, बोळातलं मांजर, लहानपणी सासऱ्यांनी दिलेला मार, काय वाट्टेल ते. ताटावरून उठून भांडी घासून होतात तरी ह्यांचं चालूच. कधी कधी माझं डोकं उठतं. पण मी नळ बारीक करून ठेवते, म्हणजे ऐकू येतं.